गव्हाच्या रुपयांतून ग्रंथ : लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्ली कार्यालयाचे प्रकरण

जुलै १९६२ पासून दिल्लीहून एक मासिक यादी निघू लागली. नाव ‘ॲक्सेशन्स लिस्ट : इंडिया’. भारतात नुकतीच प्रसिद्ध झालेली आणि अमेरिकेतील ग्रंथालयांसाठी विकत घेतलेली पुस्तके व नियतकालिके तिच्यात भाषावार नोंदलेली असत. आसामीपासून उर्दूपर्यंतच्या त्या रांगेत मराठीही होती. यादी काढणारी संस्था भारतीय नव्हती. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने त्याच वर्षी दिल्लीत आपले कार्यालय उघडले होते आणि हे त्या कार्यालयाचे काम होते.

हे प्रकरण सांगताना बहुतेक जण पैशाची गोष्ट सांगतात. अमेरिकेने गहू पाठवला, आपण त्याचे रुपये भरले, त्या रुपयांतून पुस्तके तिकडे गेली. गोष्ट खरी आहे, पण पैसा मिळूनही अशा कितीतरी योजना बुडाल्या आहेत. ही योजना पैसा संपल्यावरही टिकली. माझ्या मते त्याचे कारण एकच : निवड आणि नोंदणी करणारी माणसे तिने पुस्तकांच्या जवळ आणून बसवली. हा निर्णय कसा झाला, त्यातून काय घडले आणि आपल्या बाजूला त्याचे काय पडसाद उमटले, एवढेच येथे पाहायचे आहे.

१९६२ पूर्वीचे प्रयत्न

लायब्ररी ऑफ काँग्रेसची स्थापना १८०० सालची. कायद्याने ती अमेरिकी काँग्रेससाठीची, म्हणजे तिथल्या संसदेसाठीची लायब्ररी. व्यवहारात ती त्या देशाचे राष्ट्रीय ग्रंथालय झाली. परदेशांशी तिचा पहिला नियमित संबंध आला तो देवाणघेवाणीतून. १८६७ मध्ये अमेरिकी सरकारच्या प्रकाशनांच्या ५० प्रती परदेशी सरकारांना देण्यासाठी राखून ठेवायचे ठरले आणि पाठवणीचे काम स्मिथसोनियन संस्थेकडे गेले. १८८६ च्या ब्रुसेल्स करारांनी अशा देवाणघेवाणीला आंतरराष्ट्रीय चौकट मिळाली. यातून सरकारी अहवाल येत. कविता, कादंबऱ्या, पंचांगे, पोथ्या येत नसत.

दुसरा मार्ग एकगठ्ठा खरेदीचा. हर्बर्ट पुटनम ग्रंथपाल असताना १९०४ मध्ये जर्मन संस्कृतज्ञ आल्ब्रेख्त वेबर यांचा सुमारे ४,००० ग्रंथांचा भारतविद्येचा संग्रह विकत घेतला गेला. संग्रह मोलाचा होता, पण तो एका युरोपीय पंडिताने आपल्या अभ्यासासाठी जमवलेला होता. त्यातला भारत संस्कृतचा आणि प्राचीन. १९३८ मध्ये ग्रंथालयात भारतविषयक अभ्यासाचा स्वतंत्र प्रकल्प सुरू झाला. होरेस पोलमन हे संस्कृतचे अभ्यासक त्याचे प्रमुख. अमेरिका आणि कॅनडातील भारतीय हस्तलिखितांची त्यांनी केलेली गणना त्याच वर्षी प्रसिद्ध झाली. इथेही नजर मुख्यतः हस्तलिखितांकडे. गिरगावात किंवा बुधवार पेठेत त्या महिन्यात काय छापले जात होते, हे वॉशिंग्टनला कळण्याची सोय नव्हती.

दुसऱ्या महायुद्धाने मात्र एक धडा दिला. युद्ध संपताच ग्रंथालयाने युरोपात आपली माणसे पाठवली आणि युद्धकाळात अडकून पडलेली प्रकाशने स्वतःसाठी व इतर अमेरिकी ग्रंथालयांसाठी गोळा केली. पुढे १९४८ पासून फार्मिंग्टन योजनेखाली अमेरिकेतल्या संशोधन ग्रंथालयांनी परदेशी पुस्तकांचे विषय आपापसांत वाटून घेतले, म्हणजे प्रत्येक महत्त्वाच्या पुस्तकाची निदान एक प्रत देशात कुठेतरी येईल. ही योजना पश्चिम युरोपात चालली, कारण तिथे मोठे, अनुभवी पुस्तकविक्रेते होते. त्यांना यादी न देताही ते योग्य पुस्तके पाठवू शकत.

भारतात तसे काही नव्हते. इथली पुस्तके पंधरा-सोळा भाषांत, दहा लिप्यांत, शेकडो गावांतून निघत होती. मराठीचेच पाहा. मुंबई-पुण्याचे प्रकाशक सोडले तरी नागपूर, कोल्हापूर, औरंगाबाद इथून पुस्तके निघत होती. त्याशिवाय लेखकाने स्वतः छापलेले, संस्थेने काढलेले, एखाद्या शताब्दीनिमित्त वाटलेले साहित्य वेगळेच. आवृत्ती हजार-अकराशे प्रतींची. दोन वर्षांनी मागणी केली तर प्रकाशकाकडेही प्रत नाही. हजारो मैलांवरून पत्र लिहून मागवण्याच्या पद्धतीत ही पुस्तके हाती लागणे अशक्यच होते.

रुपयांचा ढीग

अमेरिकेकडे १९५० च्या दशकात धान्याचे प्रचंड साठे पडून होते. १० जुलै १९५४ रोजी राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांनी ज्या कायद्यावर सही केली तो पुढे ‘पीएल ४८०’ या क्रमांकानेच जगभर ओळखला गेला. त्याची युक्ती अशी : धान्य घेणाऱ्या देशाने डॉलर मोजायचे नाहीत, आपल्या चलनात पैसे भरायचे. ते पैसे अमेरिकेच्या खात्यात, पण त्याच देशात राहायचे. त्यांचे डॉलर करून घेता येत नसत. भारताने असा पहिला करार १९५६ मध्ये केला. मे १९६० मध्ये केंद्रीय अन्नमंत्री स. का. पाटील यांनी वॉशिंग्टनला जाऊन चार वर्षांसाठी १.६ कोटी टन गहू आणि १० लाख टन तांदूळ यांचा करार केला. महाराष्ट्रात ज्यांनी रेशनच्या दुकानासमोर रांगा लावल्या आहेत, त्यांना हा गहू आणि मागाहून आलेली मिलो ज्वारी वेगळी सांगायला नको. रस्त्याकडेला माजलेल्या गाजर गवताचे खापरही लोक आजवर त्याच गव्हावर फोडत आले आहेत.

या रुपयांतला मोठा भाग कर्ज आणि अनुदान म्हणून भारताच्याच विकासकामांकडे परत जाई. उरलेला अमेरिकेच्या इथल्या खर्चासाठी. तोही इतका होता की संपता संपेना.

त्यातला एक वाटा ग्रंथांकडे वळवावा ही कल्पना ग्रंथालयीन वर्तुळात एकदम आलेली नव्हती. १९५१ मध्ये अमेरिकेने भारताला गव्हासाठी १९ कोटी डॉलरचे कर्ज दिले, तेव्हाच त्याच्या व्याजातले ५० लाख डॉलरपर्यंत शैक्षणिक देवाणघेवाणीसाठी वापरायचे ठरले होते. त्यातून भारतीय विद्यापीठांना अमेरिकी पुस्तके मिळाली आणि काही भारतीय प्रकाशने अमेरिकेतही गेली. म्हणजे गहू आणि पुस्तक यांची गाठ आधी एकदा पडली होती. अमेरिकन कौन्सिल ऑफ लर्नेड सोसायटीजचे मॉर्टिमर ग्रेव्ह्ज यांनी ती कल्पना पीएल ४८० च्या रुपयांना लागू व्हावी म्हणून पाठपुरावा केला. १९५८ मध्ये काँग्रेस सदस्य जॉन डिंगेल यांच्या दुरुस्तीने कायद्यात तशी तरतूद आली : ग्रंथपालाने अशा चलनातून पुस्तके व नियतकालिके घ्यावीत, त्यांची तालिका (कॅटलॉग) करावी आणि त्या त्या प्रदेशाचा अभ्यास करणाऱ्या संशोधन ग्रंथालयांत ती ठेवावीत.

या शेवटच्या अटीकडे मी पुन्हा येणार आहे. सगळा माल वॉशिंग्टनने स्वतःसाठी ठेवायचा नाही, हे कायद्यातच होते.

तरतूद झाली, तरी पैसा लगेच सुटला नाही. रुपये पडून असले तरी ते खर्च करायला काँग्रेसची मंजुरी लागे आणि खर्चाचा काही भाग डॉलरमध्ये द्यावा लागणार होताच. तीन वर्षे मागणी मान्य झाली नाही. अखेर १९६१ मध्ये, पुढच्या आर्थिक वर्षासाठी, ४ लाख डॉलर किमतीची तरतूद मंजूर झाली. त्यातला थोडाच भाग प्रत्यक्ष डॉलरचा होता, बाकी परकीय चलनाचा. तेव्हा ग्रंथपाल होते एल. क्विन्सी ममफर्ड. १९६२ मध्ये दिल्ली, कराची आणि कैरो इथे कार्यालये सुरू झाली.

वेळही अनुकूल होती. ऑक्टोबर १९५७ मध्ये सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडल्यावर अमेरिकेत शिक्षणावर जो खर्च सुरू झाला, त्यातून १९५८ च्या कायद्याने परकीय भाषांच्या केंद्रांनाही पैसा मिळाला. शिकागो, पेनसिल्व्हेनिया, बर्कली, विस्कॉन्सिन अशा विद्यापीठांत दक्षिण आशियाचे अभ्यासक्रम वाढत होते. १९६१ मध्ये डब्ल्यू. नॉर्मन ब्राउन यांच्या पुढाकाराने अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज स्थापन झाली आणि तिचे भारतातले कार्यालय पुण्यात, डेक्कन कॉलेजात आले. मराठी शिकून महाराष्ट्रावर काम करणारे अमेरिकी अभ्यासक याच काळात तयार होत होते. एलिनॉर झेलियट यांचा आंबेडकर आणि महार चळवळीवरचा प्रबंध पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १९६९ चा. वाचणारे तयार होत होते आणि वाचायचे साहित्य त्यांच्या ग्रंथालयात नव्हते.

पुस्तक जिथे, तालिकाकार तिथे

पैसा हाती आल्यावर दोन वाटा होत्या. एक वाट सरळ होती. भारतात एक-दोन विक्रेते नेमायचे, त्यांनी खोकी भरून पाठवायची, वॉशिंग्टनने उघडून नोंदवायची. खर्च कमी, कटकट कमी. दुसरी वाट म्हणजे दिल्लीतच कार्यालय थाटायचे, प्रमुख अमेरिकी असला तरी कामाला भाषा जाणणारे भारतीय ग्रंथपाल घ्यायचे, निवड इथेच करायची आणि प्राथमिक तालिकाही इथेच करायची. ग्रंथालयाने दुसरी वाट धरली. माझ्या दृष्टीने या प्रकरणाचा गाभा इथे आहे.

पहिली वाट का चालली नसती हे कळायला एका मराठी पुस्तकाची नोंद करून पाहावी. मुखपृष्ठावर लेखकाचे नाव ‘कुसुमाग्रज’. नोंद त्या नावाखाली करायची की वि. वा. शिरवाडकर या नावाखाली? त्या वेळी अमेरिकेत चालू असलेले १९४९ चे नियम खऱ्या नावाच्या बाजूचे होते. १९६७ च्या नव्या नियमांनी सतत वापरात असलेल्या टोपणनावाला जागा दिली, पण जुन्या नोंदी बदलायच्या नाहीत असे ठरल्याने दोन्ही पद्धती शेजारी शेजारी नांदू लागल्या. मग नावाचा क्रम. मराठी माणसाचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव हा क्रम ठरलेला, म्हणून आडनावाने नोंद सोपी. तीच पद्धत तमिळ नावाला लावली तर वडिलांचेच नाव आडनाव होऊन बसते. मग साल. शके १८८५ असे छापलेले असेल तर ७८ की ७९ मिळवायचे, हे महिन्यावर अवलंबून. सालच नसेल तर प्रस्तावनेखालची तिथी बघायची, आणि तीही नसेल तर किंमत, कागद, टाइप यांवरून अंदाज.

दिवाळी अंक हे तर स्वतंत्र प्रकरण. १९०९ च्या ‘मनोरंजन’पासून चालत आलेला हा प्रकार नियतकालिक म्हणून नोंदवावा तर काही अंक वर्षातून एकदाच निघतात आणि नाव बदलून पुढच्या वर्षी पुन्हा निघतात. पुस्तक म्हणून नोंदवावा तर पुढच्या वर्षीच्या अंकाशी त्याचा धागा तुटतो. नियमित मासिकाचा दिवाळी अंक असेल तर त्याचा क्रमांक चालू खंडात बसतो. स्वतंत्र वार्षिक असेल तर बसत नाही. हा फरक कळायला मराठी वाचता येणे पुरत नाही. मराठी वाचक असावे लागते.

असे प्रश्न वॉशिंग्टनच्या टेबलावर सुटले नसते. पत्र लिहून विचारावे, उत्तर यायला महिने लागावेत, तोवर पुढची खोकी येऊन पडावीत, असे झाले असते. दिल्लीतल्या कार्यालयात मराठीची, तमिळची, बंगालीची नोंद ती भाषा घरी बोलणाऱ्या किंवा निदान शिकलेल्या माणसाच्या हातून होत होती. शंका आली तर प्रकाशकाला विचारता येत होते, दुसरी प्रत पाहता येत होती. प्राथमिक नोंद दिल्लीत, अंतिम नोंद वॉशिंग्टनमध्ये, अशी कामाची विभागणी सुरुवातीला होती. पुढे दिल्लीचा वाटा वाढत गेला. एका राष्ट्रीय ग्रंथालयाने आपल्या तालिकेचा अधिकार दुसऱ्या देशात बसलेल्या, दुसऱ्या देशाच्या माणसांकडे टप्प्याटप्प्याने सोपवणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. या भारतीय ग्रंथपालांची नावे ग्रंथालयाच्या इतिहासात ठळकपणे येत नाहीत, याचे मला फार वाईट वाटते. पुस्तक हातात घेऊन ते घ्यायचे की सोडायचे हे पहिल्यांदा ठरवणारे तेच होते.

नोंदी रोमन लिपीत होत. अक्षरांवर रेघा आणि खाली टिंबे देऊन ट आणि त, ळ आणि ल वेगळे दाखवले जात. मराठी वाचकाला ही नोंद डोळ्यांना बोचते. आपल्याच पुस्तकाचे नाव आपल्याला अडखळत वाचावे लागते. पण त्या काळच्या छापील कार्डांच्या व्यवस्थेत सर्व भाषांची पुस्तके एकाच वर्णक्रमात लागणे या एकाच मार्गाने शक्य होते, आणि आपल्या राष्ट्रीय ग्रंथसूचीनेही हीच लिपी स्वीकारली होती.

खरेदीची बाजूही तितकीच महत्त्वाची. ठिकठिकाणचे विक्रेते पुस्तके आणून देत, त्यातून निवड होई, निवडलेल्या पुस्तकाच्या सहभागी ग्रंथालयांना पुरतील इतक्या प्रती घेतल्या जात. बाजारात न येणारे साहित्य, म्हणजे राज्य सरकारांचे अहवाल, संस्थांची वार्षिके, पक्षांच्या पुस्तिका, यांसाठी माणसे पाठवावी लागत आणि पत्रव्यवहार करावा लागे. नियतकालिकांचे हाल सर्वात वाईट : अंक गहाळ होतात, पत्ता बदलतो, मासिक अचानक बंद पडते. प्रत्येक तुटलेल्या अंकामागे तगादा लावावा लागतो. वर्तमानपत्रांचा कागद तर काही वर्षांतच पिवळा पडून मोडतो, म्हणून ती मायक्रोफिल्मवर घेतली जाऊ लागली. हे काम दुरून होत नाही आणि एकदाच करून संपतही नाही.

वाटप आणि त्याचे ओझे

आता कायद्यातल्या त्या अटीकडे. पुस्तके एका ठिकाणी न साठवता संशोधन ग्रंथालयांत वाटायची होती. भारताच्या योजनेत सुरुवातीला दहा-बारा ग्रंथालये होती, पुढे संख्या वाढली. त्यांना पुस्तके जवळजवळ फुकट मिळत. वर्षाला नाममात्र वर्गणी आणि तालिकेच्या खर्चात वाटा, एवढेच त्यांच्याकडून घेतले जाई.

इथे ग्रंथालयाची एक जुनी व्यवस्था कामी आली. १९०१ पासून लायब्ररी ऑफ काँग्रेस आपली छापील तालिकापत्रे इतर ग्रंथालयांना विकत होती. त्यामुळे एका मराठी पुस्तकाची नोंद एकदा झाली की तीच शिकागोत, फिलाडेल्फियात, बर्कलीत चालत असे. मराठी जाणणारा तालिकाकार प्रत्येक विद्यापीठाने नेमायची गरज राहिली नाही. मराठी साहित्यिकांच्या कृतींना तिच्या वर्गीकरणात मिळालेला पीके २४१८ हा क्रमांक आजही अमेरिकेतल्या कित्येक कपाटांवर दिसतो.

याच कार्यक्रमात एक भाग इंग्रजी प्रकाशनांचाही होता. भारतात इंग्रजीत निघणारी निवडक पुस्तके, मासिके व वर्तमानपत्रे अमेरिकेतल्या ३०० हून अधिक ग्रंथालयांना, प्रत्येक राज्यात निदान एकाला, पाठवली जात. हेतू चांगला होता, पण माझ्या मते हा भाग सर्वांत दुबळा. ज्या लहान कॉलेजात भारतावर एकही अभ्यासक्रम नाही, तिथे भारतीय नियतकालिकांचे अंक येऊन पडत. मोठ्या विद्यापीठांतही पुस्तके येण्याचा वेग आणि ती कपाटात लागण्याचा वेग यांत अंतर पडले. न नोंदवलेल्या पुस्तकांचे ढीग साठले. फुकट आलेले पुस्तकही जागा खाते, बांधणी मागते, माणसाचे तास मागते. दिल्लीच्या कार्यालयाने निवडीवर जेवढा विचार केला, तेवढा पलीकडच्या टोकाला स्वीकारण्याच्या क्षमतेवर झाला नाही.

निवडीतही एक अडचण होतीच. संशोधनाला उपयोगी ते घ्यायचे, ही कसोटी कागदावर नीट दिसते. पण १९६३ मध्ये कुणाला उपयोगी? पुढे चाळीस वर्षांनी लोकप्रिय रहस्यकथा, पाककृतींची पुस्तके, जातिसंस्थांचे अहवाल, तमाशाच्या फडाच्या पुस्तिका हे सगळे इतिहासाचे साधन ठरते. ज्या महिन्यात ते सुटले त्या महिन्यात ते कायमचे सुटले.

आपल्या बाजूला

याच काळात भारतात ग्रंथांची नोंद होत नव्हती असे मुळीच नाही. १९५४ च्या कायद्याने प्रत्येक प्रकाशकाने नव्या पुस्तकाची प्रत प्रकाशनापासून ३० दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि नेमून दिलेल्या इतर ग्रंथालयांना पाठवणे बंधनकारक झाले. त्यांत मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालयही आहे. न पाठवल्यास दंड ५० रुपयांपर्यंत आणि पुस्तकाची किंमत. या प्रतींच्या आधारे १९५८ पासून भारतीय राष्ट्रीय ग्रंथसूची निघू लागली. राष्ट्रीय ग्रंथपाल बी. एस. केशवन यांच्या काळात उभे राहिलेले हे काम स्वतंत्र भारताच्या मोठ्या कामांपैकी एक आहे.

पण दोन्ही पद्धतींत एक मूलभूत फरक होता. कोलकात्याची सूची प्रकाशकाने पाठवलेल्या प्रतीची वाट पाहत असे. ज्याने प्रत पाठवली नाही, त्याचे पुस्तक सूचीत नाही, आणि ५० रुपयांच्या दंडाने कुणी धास्तावला असेल असे वाटत नाही. दिल्लीचे अमेरिकी कार्यालय पुस्तक शोधायला बाहेर पडत असे आणि रोख पैसे देऊन ते घेत असे. त्यामुळे चालू महिन्यांतल्या प्रकाशनांसाठी भारतातल्या ग्रंथालयांनाही ही परकी यादी उपयोगी पडू लागली. ती मागणाऱ्या ग्रंथालयांना विनामूल्य मिळत होती.

मराठीत ग्रंथनोंदीची परंपरा तर याहून जुनी आणि फार निराळ्या घडणीची आहे. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी ग्रंथांची सूची एकट्याच्या हिमतीवर केली. ती १९४३ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि १९३८ ते १९५० चा पुढचा भाग १९६१ मध्ये, म्हणजे दिल्लीच्या यादीच्या आदल्याच वर्षी. साहित्य अकादमीने १९०१ ते १९५३ या काळातल्या भारतीय साहित्याची राष्ट्रीय ग्रंथसूची केशवन आणि व्ही. वाय. कुळकर्णी यांच्या संपादनाखाली काढली. तिच्या तिसऱ्या खंडात मराठी आहे. दात्यांच्या सूचीत नोंदवणाऱ्याचा जीव ओतलेला दिसतो. दिल्लीच्या यादीत तसे काही दिसत नाही. ती कोरडी आहे, पण ती दरमहा निघत होती. एका माणसाच्या आयुष्याला मर्यादा असते, कार्यालयाला नसते. ही तुलना करताना दात्यांचे मोल कमी करण्याचा हेतू नाही. उलट, जे काम पगारी माणसे, ट्रंका भरून रुपये आणि सरकारी पाठबळ घेऊन झाले, ते आपल्याकडे त्याआधी एका माणसाने कशाच्या बळावर केले, हे कळण्यासाठी ही तुलना हवी.

या दोन धाग्यांची पुढे प्रत्यक्ष गाठही पडली. अकादमीच्या त्या सूचीचा आधार घेऊन १९०१ ते १९५३ मधली पुस्तके मायक्रोफिल्मवर घेण्याचा प्रकल्प लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्ली कार्यालयामार्फत झाला. पुस्तक कुठे सापडले आणि त्याची अवस्था काय, यावर बरेच अवलंबून होते. पण काय शोधायचे हे आपल्या सूचीकारांनी आधीच लिहून ठेवले होते.

रुपये संपल्यावर

सहा जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन झाले. डॉलरचा भाव ४.७६ वरून ७.५० झाला. ग्रंथखरेदी रुपयांतच होत असल्याने रोजच्या कामाला त्याचा मोठा धक्का बसला नाही. खरा प्रश्न होता तो साठ्याचा. १८ फेब्रुवारी १९७४ रोजी अमेरिकेचे राजदूत डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन यांनी १,६६४ कोटी रुपयांचा धनादेश भारत सरकारला दिला आणि त्या रुपयांचा मोठा भाग भारताच्या स्वाधीन झाला. अमेरिकेच्या इथल्या खर्चासाठी राखलेल्या उरलेल्या भागावर पुस्तकांचे काम आणखी काही वर्षे चालले. हा भाग आज ना उद्या संपणार हे सगळ्यांना दिसत होते.

दरम्यान दिल्लीतला अनुभव इतरत्र पोचला होता. १९६५ च्या उच्च शिक्षण कायद्याने लायब्ररी ऑफ काँग्रेसला जगभरची संशोधनोपयोगी प्रकाशने मिळवून त्यांची तालिका तातडीने करण्यासाठी डॉलरमध्येच पैसा दिला. १९६६ मध्ये लंडनला त्यासाठी कार्यालय सुरू झाले, आणि ब्रिटिश राष्ट्रीय ग्रंथसूचीने केलेले वर्णन आपल्या तालिकेत वापरायची पद्धत आली. त्याच वर्षी नैरोबी आणि रिओ दि जानेरो इथेही कार्यालये उघडली. जिथे पुस्तकांचा खर्च गव्हाच्या पैशातून होत नव्हता तिथेही कार्यालय हेच साधन निवडले गेले, ही गोष्ट मला सर्वात जास्त बोलकी वाटते.

भारतात कसोटीची वेळ १९८० च्या दशकात आली. त्याआधी १९८१ मध्ये भारत, पाकिस्तान, श्रीलंका इत्यादींच्या वेगवेगळ्या याद्या एकत्र करून ‘ॲक्सेशन्स लिस्ट : साउथ एशिया’ सुरू झाली होती. मग रुपयांची जागा डॉलरने घेतली. सहभागी विद्यापीठांना पुस्तकाची किंमत, हाताळणी, वाहतूक यांचे पैसे मोजावे लागणार होते. त्यांनी बाहेर पडायचे ठरवले असते तर योजना तिथेच संपली असती. बहुतेक मोठी ग्रंथालये राहिली आणि आजही दक्षिण आशियाची ही सहकारी खरेदी दिल्ली कार्यालयामार्फत चालते.

पैसे मोजायचे म्हटल्यावर मात्र प्रत्येक ग्रंथालय भाषा आणि विषय निवडू लागले. पूर्वी सगळे सर्वांना जात होते; आता मराठी हवी की नको, हवी तर फक्त साहित्य की समाजशास्त्र आणि इतिहासही, हे एकेका विद्यापीठाने ठरवायचे. हे ठरते तिथे मराठी शिकवणारा कुणी आहे का आणि वर्गात किती विद्यार्थी आहेत यावर. एखाद्या प्राध्यापकाच्या निवृत्तीनंतर जागा भरली गेली नाही, की काही वर्षांनी त्या भाषेची खरेदीही कमी होते. हिंदी आणि उर्दूचे वर्ग अमेरिकेत मोठे आहेत, तमिळला मोठा आधार आहे. मराठीचे वर्ग मोजकेच आहेत. वॉशिंग्टनची स्वतःची प्रत दिल्लीहून जातेच, पण विद्यापीठांच्या कपाटांत १९६२ नंतरच्या दोन-तीन दशकांतली मराठी जितकी भरगच्च आहे तितकी पुढच्या काळातली सगळीकडे नसेल, आणि याचे कारण दिल्लीत शोधून सापडणार नाही. ते त्या विद्यापीठांच्या मराठी वर्गांच्या हजेरीपटात आहे.